आधी फोन, मग शंका

लॅबमध्ये तिला सगळे परतबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ वळली की परतबाई. वॉर्डातून, ओपीडीतून, घरोघरी फिरून जे रक्त तिच्या टेबलावर यायचं, त्यातलं मनाला न पटलेलं ती बिनदिक्कत परत पाठवायची. नाव अर्धवट लिहिलंय, परत. रक्त बोटभर कमी आहे, परत. सलाइन लावलेल्या हातातूनच काढलंय, परत, आणि वर दोन शब्द ऐकवून. सव्वीस वर्षांत तिने किती नर्सबायांचे शिव्याशाप खाल्ले याची गणती नाही. पण खरं सांगायचं तर ते नाव तिला आतून आवडायचं. चाळणी आहे म्हणून पिठात खडे येत नाहीत, असं ती स्वतःशी म्हणायची.

तिचं खास मशीन सोडियम-पोटॅशियमचं. दिसायला साधं, पण कोण जगणार आणि कोण नाही ते आधी त्याला कळायचं. त्यातलं सोडियम स्वभावाने मोकळं, पेशींच्या बाहेर पाण्यात हिंडणारं. पोटॅशियम मोठं आतल्या गाठीचं. ते पेशींच्या घरात दार लावून बसतं, बाहेर असतं ते जेमतेम साडेतीन ते पाच. साडेसहाच्या पुढे गेलं की हृदय अडखळायला लागतं आणि मग कुठल्या ठोक्याला थांबेल याचा नेम नाही. पण रक्त काढताना सुईने हिसका दिला, ट्यूब खडखडवत आणली, तर पेशी फुटतात आणि घरातलं सगळं अंगणात येतं. मशीन बिचारं अंगणात दिसेल ते मोजतं. माणूस घरी टुणटुणीत असतो आणि कागदावर मेलेला.

फुटलेलं रक्त ओळखायची खूण सोपी. ट्यूब मशीनमध्ये गरगर फिरवल्यावर वर जे पाणी येतं ते वाळल्या गवताच्या रंगाचं हवं. गुलाबी दिसलं की पेशी फुटल्या. अडचण एकच, ट्यूबला गुंडाळलेली नावाची चिठ्ठी मध्ये येते. म्हणून ट्यूब बोटांत धरून फिरवायची आणि चिठ्ठीची दोन टोकं जिथे भेटत नाहीत त्या फटीतून पाहायचं. नव्या लोकांना ती पहिल्या दिवशी हेच शिकवायची. "फिरवा, बघा, मग बोला."

दुसरा नियमही तिचाच. नऊ वर्षांपूर्वी एका बाईचा रिपोर्ट टेबलावर पडून राहिला आणि बाई वॉर्डातच दगावली. तेव्हा हिने वरच्यांशी भांडून एक रजिस्टर सुरू करवलं आणि मशीनवरच्या भिंतीवर स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला : आकडा भीतीचा आला की आधी फोन, मग शंका. सॅम्पल खराब वाटलं तरी डॉक्टरांना कळवायचंच, परत मागवायचं ते नंतर. रजिस्टरात रकाने होते. आकडा काय, कळला किती वाजता, फोन केला किती वाजता, कुणाला. आणि शेवटचा रकाना, उशीर झाला असल्यास कारण. त्या शेवटच्या रकान्यावरून तिने भल्याभल्यांना रडवलं होतं. कुणी 'गर्दी होती' असं लिहिलं की ती खोडायला लावायची. "गर्दी रोजच असते. खरं काय झालं ते लिहा."

घरोघरी जाऊन रक्त आणायचं काम सुईकाकांचं. पन्नाशी उलटलेला, आधी कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर असलेला माणूस. तीन वर्षांपूर्वी लॅबमध्ये आला तेव्हा पहिल्याच महिन्यात त्याची अकरा सॅम्पलं फुटलेली निघाली. परतबाईंनी त्याला असं काही फैलावर घेतलं की सगळी लॅब कामं सोडून ऐकत राहिली. पुढे काकांनी सुई बदलली, स्कूटरच्या डिकीत स्पंज घातला, हात हलका केला. त्यांची सॅम्पलं कधीच सुधारली होती. पण एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. चिठ्ठीच्या कोपऱ्यातली त्यांची गोल वळणाची सही दिसली की परतबाईंच्या कपाळावर आठी पडायचीच.

आणि याच काकांच्या पिशवीतून दर महिन्याला तिच्या वडिलांचं रक्त यायचं.

बाबांच्या किडन्या दोन वर्षांपासून कुरकुरत होत्या. पाऊण आयुष्य त्यांनी छापखान्यात खिळे जुळवले होते, नजर अजून शाबूत, जीभ त्याहून शाबूत. ते राहायचे धाकट्या मुलाकडे. ती लग्न होऊन पंधरा मिनिटांवर. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं त्या दिवसापासून बाबांनी घरातल्या अन्नाशी उभा दावा मांडला होता. "हे जेवण आहे की शिक्षा?" असं ताट पाहून रोज म्हणायचे आणि चार घास खाऊन उठायचे. भावजय बिचारी कानकोंडी व्हायची. पण गेल्या रविवारी परतबाई भेटायला गेली तर बाबा चक्क पोटभर जेवले, वर बोटं चाटली. तिला इतकं बरं वाटलं की तिने काही विचारलंच नाही.

आता मधली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजायचं नाही. दोन महिन्यांपूर्वी बाबांचं पोटॅशियम सहा पूर्णांक सहा आलं होतं. तिने नियमाप्रमाणे फोन केला. किडनीचे डॉक्टर मीटिंग टाकून धावले, बाबांना ॲम्ब्युलन्समधून आणलं, सुया टोचल्या, छातीला तारा लावल्या. पुन्हा रक्त काढलं तर चार पूर्णांक आठ. पहिलं सॅम्पल फुटलेलं होतं, त्या दिवशी तेवढं काकांकडून खरंच बिघडलं होतं. बाबांनी घरी जाताना सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं, "माझी मुलगी मला मारून बघत होती का?" आणि डॉक्टर हसत म्हणाले, "मॅडम, वडिलांचं नाव दिसलं की तुमच्या मशीनला घाम फुटतो वाटतं." सगळे हसले. तीही हसली. पण ते हसू तिला लागलं. सव्वीस वर्षांत तिच्या आकड्यावर कुणी हसलं नव्हतं.

आता ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी सकाळी नऊ चाळीसला बाबांचा आकडा पडद्यावर आला. सोडियम एकशे छत्तीस. पोटॅशियम सात पूर्णांक तीन.

तिने बटण दाबून पुन्हा मोजलं. सात पूर्णांक तीन. सकाळी तपासणीची बाटली घालून पाहिली होती, मशीन ठणठणीत होतं. म्हणजे दोष सॅम्पलचा. तिने रॅककडे पाहिलं. पिवळ्या टोपणाची ट्यूब, तिच्याकडे तोंड करून चिठ्ठी, चिठ्ठीवर बाबांचं नाव आणि कोपऱ्यात ती गोल वळणाची सही.

"झालं," ती मोठ्याने म्हणाली. "पुन्हा तेच."

परत पाठवलेल्या सॅम्पलांच्या वहीत तिने लिहिलं, पेशी फुटलेल्या, पुन्हा घ्यावे. त्याखाली काकांचं नाव. फोन उचलला, तो काकांना लावला.

"काका, बाबांचं सॅम्पल फुटलंय."

पलीकडे रस्त्याचा आवाज होता. "मॅडम, कसं शक्य आहे? एका टोच्यात आलं. बाबा तर गप्पा मारत होते, त्यांना कळलंही नाही."

"सात पूर्णांक तीन आलंय. माझं मशीन खोटं बोलतं का?"

"तसं नाही म्हणत मी. तुम्ही नीट..." काका थांबले. पुढचं त्यांनी गिळलं, तिनेही विचारलं नाही. "बरं. माझी अजून पाच घरं राहिलीत. ती करून जातो, सव्वाअकरापर्यंत."

"चालेल," ती म्हणाली.

डॉक्टरांचा नंबर फोनच्या पहिल्या बटणावर होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, हे ती पुढे स्वतःशी कबूल करणार होती. दोन महिन्यांपूर्वीचं ते हसू तिच्या कानात होतं. दीड-दोन तासांत नवं सॅम्पल येईल, चार-पाचचा आकडा येईल, कशाला उगाच साप साप म्हणून भुई धोपटायची? तिने पुढचा रॅक लावला. डोक्याच्या वर भिंतीवर तिच्याच अक्षरातला कागद होता. नऊ वर्षं रोज समोर असलेला कागद भिंतीसारखाच दिसायला लागतो.

अकरा वाजून अठरा मिनिटांनी भावजयीचा फोन आला.

"ताई, कामात आहात का? बाबा बाथरूममधून येताना मटकन खाली बसले. पाय उचलतच नाहीत म्हणतात. शुद्धीवर आहेत, माझ्यावर ओरडतायत."

"पडले? लागलं का?"

"नाही, लागलं नाही. अशक्तपणा असेल ना? मी म्हटलं लिंबूपाणी देते, चांगलं मीठ-साखर घालून. सुईकाका आलेत, त्यांनी आत्ताच रक्त घेतलं."

"मीठ नको घालूस."

"अहो, ते आपलं मीठ नाही. नवीन आणलंय ना मी, दहा दिवस झाले. सोडियम कमी असलेलं. पाकिटावर हृदयाचं चित्र आहे. बाबा इतके खूश आहेत ताई, वरून घेतात, मागून घेतात. मी म्हटलं घ्या हवं तेवढं, हे चालतं तुम्हाला. तुम्हाला सांगणारच होते."

"पाकीट हातात घे. मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय, वाच."

डबे सरकल्याचा आवाज आला. मग भावजय शाळेत वाचावं तसं एकेक अक्षर लावून वाचायला लागली. "सोडियम क्लोराइड... पोटॅशियम क्लोराइड... पुढे खाली लिहिलंय, किडनीचा आजार असल्यास डॉक्टरांच्या... ताई? ताई, हे काय लिहिलंय?"

"काकांना फोन दे."

काकांचा आवाज हळू होता. ते बाबांपासून लांब गेले असावेत. "मॅडम, नाडी फार सावकाश चाललीय. मध्येच थांबतेय. मला लक्षण बरं दिसत नाही."

तिने रॅकमधून सकाळची ट्यूब उचलली. बोटांत धरली. फिरवली.

चिठ्ठीच्या फटीतून पाणी दिसलं. स्वच्छ, पिवळं, वाळल्या गवताच्या रंगाचं. गुलाबी रंगाचा मागमूस नव्हता. सुईकाकांनी आजवर आणलेलं कदाचित सगळ्यात सुंदर सॅम्पल होतं ते.

मग तिने डॉक्टरांना फोन लावला. तेव्हा अकरा बावीस झाले होते.

"सात पूर्णांक तीन?" डॉक्टर म्हणाले. "कधीचं?"

"सकाळचं. नऊ चाळीसचं."

डॉक्टरांनी पलीकडे कुणाला तरी हाक मारली. मग म्हणाले, "ॲम्ब्युलन्स पाठवतो. इंजेक्शनं तयार ठेवतो. तुम्ही खाली या."

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण लांबवून त्यात काही बदलणार नाही. ॲम्ब्युलन्स वीस मिनिटांत पोचली. बाबांना खुर्चीत बसवून जिना उतरवताना ते म्हणाले, "हळू रे, मी काही कपाट नाही." दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांची मान कलली. तिथपासून दवाखान्याच्या दारापर्यंत सुईकाका त्यांची छाती दाबत आले. जड हाताचा माणूस म्हणून लॅबमध्ये बदनाम झालेले ते काका. आत डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं, ग्लुकोज-इन्शुलिन दिलं, चाळीस मिनिटं झगडले. बारा पन्नासला ते बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली.

भाऊ कारखान्यातून तसाच आला होता, अंगात कामाचा निळा कोट, हाताला ग्रीस. भावजय बाकावर बसली होती. तिने घरातून येताना ते मिठाचं पाकीट बरोबर आणलं होतं, का ते तिलाही सांगता आलं नसतं. दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"माझ्या हातानं घातलं मी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "बाबा मागायचे आणि मी वाढायची."

"कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?" भाऊ ओरडला. कॉरिडॉरमधली माणसं वळून पाहू लागली. "दोन वर्षं काटेकोर पथ्य केलं आम्ही, आणि तू पाकिटावरचं चित्र बघून... वाचता येत नाही तुला? मारलंस तू त्यांना, दुसरं काय!"

भावजयीने मान आणखी खाली घातली.

परतबाई तिथेच उभी होती. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका जिच्या जिभेवर नाचत होत्या, तिला स्वतःची एक सांगता येईना.

मागून काकांनी तिच्या कोपराला हात लावला. त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. त्यांनी खिशातून ट्यूब काढली. "हे तेवढं राहिलं. घरी घेतलेलं. काय करू याचं?"

तिने ट्यूब घेतली आणि जिना चढून वर गेली. का गेली, तर हातांना तेवढंच करता येत होतं. ट्यूब फिरायला ठेवली, दहा मिनिटं तिच्यासमोर उभी राहिली, काढली, बोटांत धरून फिरवून पाहिली. स्वच्छ. मशीनला लावली. सोडियम एकशे पस्तीस. पोटॅशियम आठ पूर्णांक एक.

काका तिच्या मागून आले होते. त्यांनी पडद्यावरचा आकडा पाहिला, मग रॅकमध्ये चिठ्ठी पलीकडे वळलेली सकाळची ट्यूब आणि फटीतून दिसणारं तिचं स्वच्छ पिवळं पाणी पाहिलं. समजायचं ते समजले.

"मॅडम," ते म्हणाले, "वहीत फुटलेलं लिहिलंय ना? राहू द्या तसंच. डॉक्टरांनाही तेच सांगा, रंग गुलाबी होता म्हणून परत मागवलं. कुणी विचारणार नाही. माझं नाव तसंही बदनाम आहे, एकाने काय फरक पडतो?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस आत्ताच तिच्या बापाची छाती दाबत दोन मजले उतरला होता. आणि आता तिच्यासाठी खोटं अंगावर घ्यायला उभा होता. तिला रडू आलं ते तेव्हा, त्या क्षणी, बाबांसाठी नाही, या माणसाच्या चांगुलपणाची लाज वाटून.

"काका, सकाळी तुम्ही काय म्हणत होतात? तुम्ही नीट... पुढे काय?"

काका खाली पाहत म्हणाले, "तुम्ही नीट फिरवून बघितलंत का, असं विचारणार होतो. म्हटलं, तुम्हाला काय विचारायचं. तुम्हीच तर शिकवलंत."

तिने वही ओढली, 'पेशी फुटलेल्या'वर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, सॅम्पल उत्तम होते. सही केली. मग ते दुसरं रजिस्टर काढलं, स्वतःच सुरू करवलेलं. आकडा, सात पूर्णांक तीन. कळला, नऊ चाळीस. फोन, अकरा बावीस. एक तास बेचाळीस मिनिटं.

शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं. मनात आलं, लिहावं, पुनर्तपासणीसाठी थांबले. चुकीचं नव्हतं. दुसऱ्या कुणी असं लिहिलं असतं तर तिने काय केलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने लिहिलं : सॅम्पल फिरवून पाहिलं नाही. फक्त कुणी आणलं ते पाहिलं. डॉक्टर हसतील म्हणून फोन केला नाही.

"असं कुणी लिहितं का, मॅडम?" काका कळवळून म्हणाले. "नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे," ती म्हणाली आणि रजिस्टर काखेत मारून जिना उतरली.

खाली भाऊ आता भिंतीला टेकून उभा होता. भावजय त्याच बाकावर, तेच पाकीट हातात. दोघांमध्ये चार माणसं बसतील एवढी जागा होती. तिने आधी भावजयीच्या हातातून पाकीट काढून घेतलं आणि शेजारी ठेवलं. मग भावासमोर रजिस्टर उघडून धरलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

भावाने वाचलं. लॅबची भाषा त्याला कळत नव्हती, पण घड्याळ सगळ्यांनाच कळतं. त्याने ग्रीस लागलेलं बोट त्या दोन वेळांखालून एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"नऊ चाळीसला बाबा गच्चीवर फेऱ्या मारत होते," तो म्हणाला. "मला जाताना हात केला त्यांनी."

त्याचं बोट पहिल्या वेळेवर येऊन थांबलं.

"तेव्हा तुला माहीत होतं, ताई?"

"आकडा समोर होता."

"आणि तेव्हाच आणलं असतं तर?"

"वाचले असते बहुतेक. मिठामुळे आकडा चढला, पण त्यावर औषध होतं. वेळ होता."

भावजयीने मान वर केली. भाऊ आपल्या बहिणीकडे बघत राहिला, ओळख पटत नसल्यासारखा.

"मग तू काय केलंस?"

"परत पाठवलं," ती म्हणाली.